आधी कोणी द्यायचे?

मराठीत आपण पत्र घेतो, मनीऑर्डर घेतो, तारा येत होत्या तेव्हा तारही घेत होतो, पण व्ही. पी. मात्र आपण 'सोडवून' घेत असू. या क्रियापदाने मला फार दिवसांपासून कोड्यात टाकले आहे. सोडवायचे असते ते गहाण पडलेले मंगळसूत्र, कोंडवाड्यात गेलेले जनावर, नाही तर कैदेत पडलेला माणूस. पोस्टमनच्या पिशवीतले, खाकी कागदात बांधलेले पुस्तक काही कुणी गहाण टाकलेले नसते. तरीही ज्या कुणी हा शब्द प्रथम वापरला त्याच्या मनात असे काहीतरी असले पाहिजे, की ही वस्तू माझ्या शब्दावर घरातून निघाली आहे, माझ्या नावावर ती पोस्टात अडकून पडली आहे, आणि तिला तिथून मोकळी करणे हे माझ्याकडे लागते. माझ्या लहानपणी वडील कामावर निघताना आईला विचारीत, "व्ही. पी. सोडवायला पैसे ठेवले आहेत ना?" महिनाअखेर असली तर ते पैसे डाळीच्या डब्याच्या तळातून निघत. आणि एखाद्या घरची 'व्ही. पी. परत गेली' ही बातमी आळीत हलक्या आवाजात सांगितली जाई. जसे काही त्या घरून पाहुणाच उंबऱ्यावरून परत पाठवला होता.

आता व्ही. पी. ची जागा 'कॅश ऑन डिलिव्हरी'ने घेतली आहे. वस्तू तशीच बांधून येते, दारात तसाच एक मुलगा उभा राहतो, पैसेही तसेच द्यायचे असतात. फक्त क्रियापद बदलले. आता पार्सल आपण 'घेतो', नाही तर 'कॅन्सल करतो'. सोडवीत कुणी नाही. म्हणूनच, इंटरनेटवरून माल विकणाऱ्याने पैसे हातात पडण्याआधी माल रवाना करावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाऱ्यांच्या नफातोट्याचा दिसत असला, तरी मला तो त्याहून जुना आणि जास्त खोल वाटतो. दोन अनोळखी माणसांत देवाणघेवाण व्हायची असेल तर आधी हात कोणी मोकळा करायचा, हा तो प्रश्न आहे.

हिंदुस्थानात व्ही. पी. ची पद्धत पोस्टखात्याने १८७७ साली सुरू केली. मनीऑर्डर त्यानंतर, १८८० साली आली. अमेरिकेसारख्या धंदेवाल्या देशाच्या टपालखात्याला हे सुचायला १ जुलै १९१३ ही तारीख उजाडावी लागली. यात अभिमान बाळगण्यासारखे किती आहे कोण जाणे. पण आपल्याकडे अंतरे मोठी, दुकाने थोडी आणि परक्यावरचा विश्वास बेताचा, हे त्यातून दिसते खरे. कोकणातल्या एखाद्या गावच्या शिक्षकाला मुंबईच्या प्रकाशकाचे पुस्तक हवे असे. प्रकाशक म्हणे, पैसे आल्याशिवाय पुस्तक कसे पाठवू? शिक्षक म्हणे, पुस्तक पाहिल्याशिवाय पैसे कसे पाठवू? या दोघांच्या मध्ये खाकी पोशाखातला पोस्टमन उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही दोघेही माझ्यावर विश्वास ठेवा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत या अंकांची परंपरा सुरू झाली. आमच्या गावी पुढे अनेक वर्षे असे अंक व्ही. पी. नेच येत. लाडूचिवड्याइतकीच पोस्टमनचीही वाट पाहिली जाई.

अर्थात मध्ये सरकार उभे राहिले म्हणून लबाडी थांबली असे मुळीच नाही. चार रुपयांत घड्याळ, पाच रुपयांत गाणारी पेटी अशा जाहिराती येत आणि पैसे भरून पुडके उघडावे तो आत पोराचे खेळणे निघे. काहीजण तर न मागवलेल्या वस्तूही व्ही. पी. ने पाठवीत. घरचा कर्ता बाहेर गेलेला असे. 'त्यांनीच मागवले असेल' म्हणून घरातली बाई पैसे भरून मोकळी होई. म्हणून १८९८ च्या पोस्ट कायद्यातच अशी तरतूद करावी लागली, की ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरून पाठवीत आहे असे पाठवणाऱ्याने लिहून द्यावे. तो कायदा २०२४ साली जाऊन त्या जागी नवा आला. परंतु न मागवलेले पार्सल म्हाताऱ्या माणसाच्या हातात देऊन पैसे उकळण्याचा उद्योग आजही तसाच चालू आहे. लबाडीला कायद्याइतक्या वेळा कात टाकावी लागत नाही.

आधी कोणी द्यायचे, या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उत्तर हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जात. त्यांना तिथल्या लोकांची भाषा येत नसे. ते आपला माल वाळूवर ओळीने मांडीत, जहाजावर परत जात आणि धूर करीत. धूर पाहून किनाऱ्यावरचे लोक येत, मालाशेजारी सोने ठेवीत आणि दूर जाऊन उभे राहत. मग व्यापारी उतरून सोने बघत. पुरेसे वाटले तर उचलून चालते होत; कमी वाटले तर हात न लावता पुन्हा जहाजावर जाऊन बसत. लोक येऊन आणखी थोडे सोने ठेवीत. दोघांचे समाधान होईपर्यंत ना हे सोन्याला शिवत, ना ते मालाला. मध्ये पोस्टमन नाही, कायदा नाही, एक शब्दसुद्धा नाही. हिरोडोटसच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या मानू नयेत असे विद्वान सांगतात. ही गोष्ट मात्र खोटी असली तर मला वाईट वाटेल.

त्या किनाऱ्यावर एक गोष्ट होती, ती आपल्याकडे नाही. तिथे माल उघडा मांडलेला होता. आपले पार्सल बंद असते. "जरा उघडून बघू का?" असे विचारले की दारातला मुलगा म्हणतो, "आधी पैसे, मग उघडा." म्हणजे वस्तू आणि पैसा यांची एकाच क्षणी अदलाबदल झाल्याचे आपल्याला वाटते, ते अर्धेच खरे असते. काही मोठ्या कंपन्या काही वस्तूंपुरती खोके उघडून दाखवण्याची सोय देतात. पण ती सवलत म्हणून. वास्तविक आपला मालविक्रीचा १९३० चा कायदा काढून बघावा. त्याचे ३२ वे कलम सांगते, की वेगळे काही ठरलेले नसेल तर माल देणे आणि किंमत देणे या गोष्टी एकदमच व्हायच्या. म्हणजे 'आधी पैसे भरा' हा रिवाज नसून अपवाद आहे, आणि रोख पैसे घेऊन दारात उभे राहणारे गिऱ्हाईक काही विक्रेत्याची कृपा मागत नसते. अलीकडे ते कृपा मागत असल्यासारखे त्याच्याशी बोलले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तत्त्वज्ञांनीही या प्रश्नावर पुष्कळ डोके खाजवले आहे. हॉब्ज या इंग्रजाने १६५१ साली लिहिले, की करारात जो आपला भाग आधी पुरा करतो त्याला दुसरा आपला भाग करीलच अशी खात्री नसते. त्या दुसऱ्याला धाक दाखवणारी सत्ता डोक्यावर नसेल तर आधी देणारा स्वतःला शत्रूच्या हाती देतो. त्यानंतर नव्वदएक वर्षांनी ह्यूमने दोन शेतकऱ्यांचा दाखला दिला. एकाचे पीक आज तयार आहे, दुसऱ्याचे उद्या होणार आहे. आज मी तुला मदत केली तर उद्या तू मला करशील हे दोघांनाही कळते; पण भरवसा नसल्यामुळे कुणीच कुणाच्या शेतात जात नाही आणि दोघांचेही पीक वाया जाते. हे वाचून मला नेहमी वाटते, की ह्यूमसाहेबांनी एकदा आमच्याकडे येऊन सावड बघायला हवी होती. एकाचे बैल आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. लेखी काही नाही. पण जो सावड चुकवील त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी फिरकणार नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. ह्यूमच्या शेतकऱ्यांना एकमेकांची गरज होती. आमच्यांना त्याखेरीज एकमेकांची लाजही होती. इंटरनेटवरच्या बाजारात गरज आहे, लाज मात्र वाटेत कुठेतरी गळून पडली. पार्सल परत पाठवणाऱ्याचे तोंड विक्रेत्याला दिसत नाही, आणि विक्रेत्याचे त्याला.

अशा चार मोठ्या माणसांना साक्षीला बोलावल्यावर मी आता माझ्या पुतणीला बोलावतो.

ती साताऱ्यात असते आणि दिवाळीचा फराळ करून विकते. दोन शेजारणी तिच्याकडे रोजाने येतात. चकली, कडबोळी, अनारसे, चिवडा आणि बेसनाचे लाडू असा एक डबा. किंमत बाराशे रुपये. पाठवणीचे साधारण एकशेचाळीस वेगळे. दोन वर्षांपूर्वी तिने दारात पैसे घेण्याच्या बोलीवर एकतीस डबे पाठवले. त्यांतले नऊ परत आले. कारणे मोठी मासलेवाईक होती. एका गृहस्थांच्या घरी तोवर सासूबाईंनीच फराळ करून पाठवला होता. एका ठिकाणी मागणी मुलाने नोंदवली होती आणि वडिलांना त्याचा पत्ता नव्हता. एका बाईंनी तीन ठिकाणी मागवून ठेवले होते. जो डबा आधी आला तो घेतला, पुढचे दोन नाकारले. उरलेल्यांचे फोन बंद होते. परत येणाऱ्या पार्सलाला घाई कसली? ते डबे तुळशीच्या लग्नानंतर साताऱ्यात पोचले. चकल्या खवट झाल्या होत्या, चिवडा सादळला होता आणि अनारशांचा चुरा झाला होता. सगळे गवळ्याच्या म्हशींपुढे गेले. जाण्याचे भाडे तिने भरलेच होते, येण्याचेही भरावे लागले. आणि त्या दोन शेजारणींची मजुरी तिने आधीच दिली होती; माल पसंत पडला तर पैसे, असे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

"तू माणसांवरचा विश्वास सोडू नकोस," असे मी तिला काकाच्या अधिकाराने म्हणालो.

"काका, तुम्हांला बोलायला काय जातं?" ती म्हणाली. "विश्वास मी रोज तळून डब्यात भरते. तो परत येतो तेव्हा खवट झालेला असतो."

त्या वर्षापासून तिने दारात पैसे घेणे बंद केले.

तिला कुणी दोष देईल असे मला वाटत नाही. पण तिच्या या निर्णयाची झळ ज्या माणसाला लागली ते माणूस माझ्याच घरचे आहे. माझी थोरली बहीण, पुतणीची आत्या, पाटण तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. सगळी तिला अक्का म्हणतात. अक्काजवळ बटणांचा फोन आहे. बँकेत तिचे खाते आहे, पण त्याचा निरोप मुंबईला मुलाच्या फोनवर जातो. डेअरीला दूध घालून जे सुटे पैसे हातात येतात तेवढेच काय ते तिचे स्वतःचे. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी तिला आपल्या फोनवरून वस्तू मागवून देते: गुडघ्याचा पट्टा, चष्म्याची दोरी, एकदा एक टॉर्च. या वस्तूंसाठी कऱ्हाडला जायचे म्हणजे एस. टी. चे भाडे आणि दिवसाची खोटी. पट्टा दारात येतो, ती पदराच्या गाठीतून नोटा काढते, मोजते, देते.

मी तिला विचारले, "अक्का, मुलाला सांगितलंस तर तो तिकडून पैसे भरील की!"

"भरील की. आणि मग विचारील, आई, हे सातशे रुपये कशाचे? मला गुडघ्याचं दुखणं त्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो मुंबईला चल म्हणतो."

हे उत्तर ऐकेपर्यंत रोख पैसा ही मला एक अडाणी, मागे पडलेली सोय वाटत होती. ज्यांना दुसरे काही जमत नाही त्यांची. पण आपल्याकडच्या पुष्कळ बायकांच्या हातात हिशेब न विचारला जाणारा पैसा असतो तो एवढाच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, भाऊबीज होऊन नुकताच आठवडा लोटला असताना, पाचशे आणि हजारांच्या नोटा बाद झाल्या तेव्हा किती घरांत तांदळाच्या डब्यांतून, देव्हाऱ्याच्या मागून, लुगड्यांच्या घड्यांतून नोटा निघाल्या, आणि नवऱ्यांच्या चेहऱ्यांवर केवढे आश्चर्य उमटले, ते आठवून बघावे. आधी पैसे भरा, या अटीत अक्काला एक जास्तीची अट ऐकू येते: आधी मुलाला सांगा.

मग न्याय कुठला? पुतणीला डबा परत येण्याची भीती, अक्काला दार बंद झाल्याचे दुःख. कुणी म्हणेल, हा विक्रेता आणि गिऱ्हाईक यांचा नेहमीचा झगडा आहे. मला तसे वाटत नाही. हा झगडा अक्का आणि ते नऊजण यांच्यातला आहे. त्या नऊजणांनी डबा नाकारला आणि दार बंद झाले ते अक्काचे. त्यांचे काहीच अडले नाही. त्यांच्यापाशी फोन आहे, फोनात बँक आहे, ते दुसरीकडे पैसे भरून मोकळे झाले असतील. कारण आताची मौज अशी, की 'कॅश ऑन डिलिव्हरी'त पुष्कळदा कॅश नसतेच. २०१६ साली यूपीआय आले. दारातला मुलगा चौकटींचे चित्र पुढे धरतो आणि आपण फोनवरून पैसे देतो. ज्याला दारात असे पैसे देता येतात त्याला ते मागणी नोंदवतानाही देता आलेच असते. तो थांबतो ते निरुपाय म्हणून नव्हे. आपले मन तोवर मोकळे राहावे म्हणून. बेंगळुरूच्या फ्लिपकार्टने २००७ साली पुस्तकांपासून धंदा सुरू केला आणि २०१० साली दारात पैसे घ्यायला प्रारंभ केला, तेव्हा क्रेडिट कार्डे थोड्यांपाशी होती आणि ज्यांच्यापाशी होती त्यांनाही त्याचा आकडा इंटरनेटवर लिहायची धास्ती वाटे. ती सोय भित्र्यांसाठी निघाली होती. चंचल माणसांनी ती बळकावली.

मागणी नोंदवणे हा शब्द देणे आहे की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. मोठ्या कंपनीने स्वतःच सांगितले, की बाबा, घे, नको असेल तर परत कर, आम्ही कारणही विचारणार नाही, तर मग तिथे शब्द मोडण्याचा प्रश्न येत नाही. तिने आपल्याला आधीच मोकळे केलेले असते. तीन जोडे मागवून एक ठेवणाऱ्याला त्या ठिकाणी मी लबाड म्हणणार नाही. परत जाणाऱ्या दोन जोड्यांचे भाडे ती कंपनी ठेवलेल्या जोड्यांच्या किमतीतून वसूल करीत असणार, एवढेच त्याने ध्यानात ठेवावे. माझ्या पुतणीने मात्र कुणाला असे मोकळे केलेले नव्हते. तिच्याकडे मागणी आली तेव्हा तिने भाजणी दळायला टाकली. माणसाच्या शब्दावर दुसऱ्याने जात्यापाशी बसायचे आणि शब्द देणाऱ्याने 'नुसते बघत होतो' म्हणायचे, हे मला जड जाते. या बाबतीत आमच्या वडिलांच्या पिढीचे ते 'सोडवणे'च बरोबर होते.

उलट बाजूही सांगायला हवी. गिऱ्हाईक उगाच बिचकत नाही. पंधरा दिवसांपुरती दुकाने इंटरनेटवर उघडतात, स्वस्त पैठण्यांची चित्रे लावतात, पैसे गोळा करतात आणि नाहीशी होतात. एकदा पोळलेला माणूस पुढे सगळ्याच दुकानांना 'दारात पैसे' म्हणतो आणि त्या ताकावर फुंकर घालताना प्रामाणिक माणसाचेही ताक हिंदकळते. अमेरिकेत १८७२ साली टपालाने माल विकायला निघालेल्या माँटगोमेरी वॉर्डला हेच भोवले होते. शेतकऱ्यांना खात्री वाटेना. त्याने १८७५ साली उत्तर काढले: पसंत नसेल तर पैसे परत. चीनमध्ये आणखी एक तोड निघाली. अलीपे नावाची सोय तिथे सुरू झाली तेव्हा गिऱ्हाइकाचे पैसे आधी मधल्याकडे जमा होत आणि माल पोचल्याचे गिऱ्हाइकाने सांगितले की विक्रेत्याला मिळत. आमच्या पोस्टमनचाच हा धाकटा भाऊ म्हणायचा. फक्त त्याला घाम येत नाही.

घामावरून आठवले. दारात येणाऱ्या मुलाला या हिशेबात कुणीच धरीत नाही. आमच्याकडे जो येतो तो तीन जिने चढून येतो, दिवसभराची रोकड कमरेच्या पिशवीत बाळगतो, आणि संध्याकाळी मोजताना शंभर कमी भरले तर पदरचे घालतो, असे त्याने मला सांगितले. त्याला पैसे पोचलेल्या पार्सलामागे मिळतात. न घेतलेल्या पार्सलासाठी चढलेले जिने फुकट. 'नको' असे आपण अर्ध्या उघड्या दारातून म्हणतो ते आपल्या मते कंपनीला. पोचते ते त्याला.

तेव्हा माझे मत विचाराल तर सांगतो. लक्षावधी पार्सले पाठवणाऱ्या मोठ्या दुकानदाराने दारात पैसे घेतलेच पाहिजेत. परत आलेल्या पार्सलांचा तोटा तो सगळ्यांवर कणाकणाने पसरू शकतो. आणि त्याने दार लावले तर एका दुकानाचे नव्हे, साऱ्या बाजाराचे दार लागते. त्याने त्यासाठी चार पैसे जास्त घेतले तरी माझी तक्रार नाही, पण ते आधी सांगून घ्यावेत. किंमत एक दाखवायची आणि शेवटच्या पायरीवर निरनिराळ्या नावांनी आकार चढवायचे, ही चोरवाट झाली. २०२३ साली केंद्र सरकारने अशा चोरवाटांविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दारात पैसे घेण्यावर जादा आकार लावणाऱ्या कंपन्यांची चौकशी चालू केल्याचे ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी जाहीर केले. बरे केले. मात्र माझ्या पुतणीसारखीने तेच करावे असा आग्रह मी धरणार नाही. विश्वास ही मागून घ्यायची वस्तूच नव्हे. जिला नऊ डबे बुडाले की पुढची भाजणी उधार आणावी लागते तिने आधी पैसे मागितले तर ते तिचे न्याय्य मागणे आहे.

आपल्याकडे घर घेताना, बैल घेताना विसार देतात. विसार म्हणजे पुरता विश्वासही नव्हे आणि अविश्वासही नव्हे. दोघांनी एकेक पाऊल टाकायचे. मी पुतणीला हे सुचवले. तिने गेल्या वर्षी तसे केले: दीडशे रुपये आधी, बाकीचे दारात. आलेल्या मागण्या घटल्या, पण परत फक्त एक डबा आला, तोही पत्ता चुकल्यामुळे. अक्काचे मात्र याने भागत नाही. ज्याच्यापाशी फोनची बँक नाही त्याने विसाराचे दीडशे तरी कशातून पाठवायचे? अक्का आत्याच आहे, तिचा डबा बिनबोभाट जातो. पण तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाची आत्या साताऱ्यात चकल्या तळणाऱ्या बाईची नातलग नसते.

आणि इथे मला पुतणीशी भांडावे लागले. तिच्या वहीत सात पिनकोड लिहिलेले होते. तिथून पूर्वी डबे परत आले होते, म्हणून तिथली मागणी घ्यायचीच नाही, विसार दिला तरी. पुष्कळ विक्रेते असे करतात असे ती म्हणाली. आता, पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, वाचता न येणारी अक्षरे, यांतून प्रत्येक पत्र ज्याचे त्याला पोचावे म्हणून ते सहा आकडे योजले. पोचण्यासाठी काढलेल्या आकड्यांचा उपयोग आपण आता कुठे पोचायचे नाही हे ठरवायला करतो आहोत. एका माणसाने डबा परत केला आणि शिक्षा त्या पिनकोडातल्या सगळ्या गावांना झाली. अमक्या गावचे लोक असेच, तमक्या आळीला उधार देऊ नये, हे बोलणे आपल्या देशाने फार ऐकलेले आहे. त्याला आकड्यांचा पोशाख घातला म्हणून ते नवे होत नाही. नऊजणांनी शब्द मोडला हा त्यांचा अन्याय. सात पिनकोड खोडले हा माझ्या पुतणीचा. दुसऱ्याचा पहिल्याने खुलासा होतो, भरपाई होत नाही.

"मग मी काय करू?" ती म्हणाली. "प्रत्येकाला फोन करून आवाज ऐकू?"

"ऐक की."

"आवाजावरून कळतं होय माणूस?"

कळत नाही, हे मला मान्य करावे लागले. गोड आवाजाचे लोक जास्त पार्सले परत करीत नसतील कशावरून? शिवाय आवाज ऐकायचा म्हणजे बोली ऐकणे आले, आणि बोली ऐकली की पुन्हा गाव आणि आळी आलीच. त्यापेक्षा ज्याने स्वतः डबा परत केला त्याचे नाव वहीत ठेवावे आणि गावाला मोकळे सोडावे, एवढे तरी करता येईल असे मी म्हटले. नावे ठेवायची म्हणजे काम वाढते, असे तिचे म्हणणे पडले. ते खरेच आहे. माणसे एकेकटी ओळखायची म्हणजे काम वाढतेच.

हे लिहितो आहे तेव्हा नवरात्र अजून यायचे आहे. भाजणीचे धान्य भाजून झाले आहे. पुतणीने सातांपैकी तीन पिनकोड वहीत पुन्हा सुरू केले आहेत. त्यांतला एक पाटणकडचा आहे. उरलेल्या चारांचे काय करायचे ते या दिवाळीचा हिशेब झाल्यावर बघू, म्हणते.